डोहातली सवय

पहिला संशय मला फोटोंचा आला. धाकटी बहीण मालवणला स्कूबाच्या कामाला लागून तीन महिने झाले होते आणि रोज एक फोटो यायचा. पाण्याखाली ती, मागे प्रवाळ, आजूबाजूला पिवळे-काळे मासे, अंगठा आणि बोट जुळवून केलेलं गोल. सगळ्या फोटोंत तोच एक खडक. मी गावच्या प्रश्नांवर पत्रकं काढते. फोटोत काय घ्यायचं आणि काय चौकटीबाहेर ठेवायचं, हे मला कुणी शिकवायला नको. तानसाच्या काठी हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांचा फोटो मी छापला, त्याच महिन्यात कुणीतरी त्याच तलावाचं निसर्गरम्य कॅलेंडर काढलं होतं.

त्यात एकदा ती बोलता बोलता म्हणाली, तिचे दहावी-बारावीचे मूळ दाखले मालकाच्या कपाटात आहेत. झालं. आमच्या मुरबाड-शहापूरकडे ही तऱ्हा चांगली माहीत आहे. गाडी घेऊन एक माणूस येतो, नोकरी देतो म्हणतो आणि आधी दाखले मागतो. पुढे पोरीला घरी यायचं असलं की दाखले सापडत नाहीत. अशा एका एजंटाला मी एसटी स्टँडवर गाठून सहा पोरींचे दाखले काढून घेतले होते. तेव्हापासून घरात माझा शब्द शेवटचा.

बाबा खळ्यावर होते. हातातलं सूप खाली न ठेवताच म्हणाले, "तू जाऊन बघ. तुला बरोबर नाय वाटला तर हात धरून घेऊन ये तिला. मी कायपण इचारणार नाय."

म्हणजे तिची नोकरी माझ्या एका वाक्यावर होती. ते तिलाही माहीत होतं. किनाऱ्यावर भेटली तेव्हा ती हसली, पण पिशवी घ्यायला पुढे आली नाही.

मालक चाळिशीचा. गळ्यात शिट्टी. प्रत्येक वाक्य हसून संपवणारा. मला अशी माणसं आवडत नाहीत. त्याने मलाही पाण्यात उतरायचा आग्रह केला आणि एक कागद पुढे सरकवला. मी वाचायला लागले. काही झालं तर जबाबदारी माझी, दम्याचा त्रास लपवला असेल तर माझी, सूचना पाळल्या नाहीत तर माझी.

"तुमची कशाची?" मी विचारलं.

मालक हसला. मागून बहीण पुटपुटली, "ताई, सही कर ना गो. मागं लाइन हाय."

"वाचू तर दे."

"लोक पोहायला येतात. तू कोर्टात आल्यासारखी काय करतेस?"

सही केली. होडी खडकाजवळ जाऊन थांबली. टूरिस्टांना बहीण कंडक्टरच्या चपळाईने हिंदीत सूचना सांगत होती, माझ्यापाशी आल्यावर घरच्या बोलीत आली. "नळी दातात धर. नाकानं नाय, तोंडानं घ्यायचा. आन श्वास थांबवायचा नाय. कायपण झालं तरी नाय. घे, सोड, घे, सोड."

"का?"

"का काय? नाय थांबवायचा."

का, याचं उत्तर न देणाऱ्यांशी माझं आजवर जमलेलं नाही. मी मनात हिशोब मांडला. सारखा श्वास घेतला की टाकी लवकर संपणार, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक लवकर. शिवाय पाण्याखाली कसं राहायचं हे मला ही सांगणार? सिद्धगडच्या पायथ्याच्या डोहात आम्ही दोघी शिकलो. शिकवायला कुणी नसायचं. छाती भरून घ्यायची, बुडी मारायची आणि खडकावर बसलेल्या पोरी आकडे मोजायच्या. माझ्याएवढे आकडे कुणाचे झाले नाहीत. ही नेहमी सगळ्यांच्या आधी वर यायची, नाकात पाणी गेलं म्हणून रडत.

खाली गेलो. ती मागून माझी टाकी धरून होती. प्रवाळ फोटोतल्यापेक्षा मळकट होतं. काही नाचणीच्या मिटलेल्या कणसांसारखं, काही गव्हाळ, मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं. सुंदर होतं, ते नाकारत नाही. पण मी चौकटीबाहेरचं बघायला आले होते. एक माणूस व्हिडिओसाठी सरळ प्रवाळावर उभा राहिला होता. दुसरा गाइड बाटलीतून भिजलेला पाव पिळत होता आणि मासे त्यावर तुटून पडत होते. आणि होडीच्या नांगराचा दोर खडकावरून घासत होता. खाली तुटलेल्या प्रवाळाच्या पांढऱ्या काटक्यांचा ढीग.

मी त्या ढिगाकडे वळले तशी ती मला मागे ओढू लागली. आली ना पंचाईत, मला वाटलं. बघू द्यायचं नाहीये. हिलाही तयार केलंय.

आणि रागाच्या भरात मी तेच केलं जे डोहात करायचे. छाती भरली आणि दम धरला. डोक्यात आकडे आपोआप सुरू झाले. शरीर हलकं होऊन वर उचललं गेलं. तिने माझ्या छातीवर बोट आपटलं. मी हात झटकला, पाय मारला आणि वरच्या उजेडाकडे सुटले.

तिने माझी कमर पकडली. एक हात बरगड्यांखाली घातला आणि असा दाबला की माझ्या तोंडातून बुडबुड्यांचा लोंढा निघाला. तिचा चेहरा काचेपलीकडे अगदी समोर. घे, सोड. घे, सोड. ती स्वतःच्या श्वासाने मला दाखवत होती. तसंच धरून, हळूहळू, तिने मला वर आणलं.

होडीत चढल्यावर तिने डोळ्यांवरची काच काढली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "मरायचं होतं काय तुला? टाकीतली हवा हाय ती, डोहातली नाय! वर येताना फुगते. दम धरून वर सुटलीस तर छाती फाटते, कळलं?"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"टूरिस्टासमोर फाटते बोलायचं नाय, असं मालकानं सांगितलंय," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "आन मी पन पहिल्या दिवशी हेच केलं. तू पन करनार ते ठाऊक होतं, म्हनून तुला दुसऱ्या कुनाकडं दिली नाय."

मी तोंडावरचं खारं पाणी पुसलं. मग, सवयच आहे, म्हणाले, "नांगर प्रवाळावर टाकतात."

"मला दिसत नाय का? रोज बोलते मी मालकाला. तू आज बघितलंस."

दुपारी मी मालकाच्या टेबलासमोर बसले आणि दाखले मागितले. झेरॉक्स काढायचे राहिलेत म्हणाला. तीन महिने झेरॉक्स निघत नाही? तो हसला, मी हसले नाही, उठलेही नाही. शेवटी त्याने कपाट उघडलं. आत प्लास्टिकच्या फायलींची चळत. त्यातली एक माझ्या हातात दिली. इतक्या लवकर दिली याचाच मला संशय आला. एकेक कागद उजेडात धरून पाहिला. खरे होते.

"बाकीच्यांचे?"

"त्यांचं मी बघते," दारातून बहीण म्हणाली. "त्यांना आधी इचारते. तू पत्रक काढू नको."

बाबांचा फोन आला तेव्हा ती बाहेर बादलीत काचा धूत होती. पाठ माझ्याकडे, पण हात थांबले होते.

"काय गो, कसा हाय तिकडं?"

"दाखले माझ्याकडे आहेत. मी घरी आणतेय."

"आन ती?"

"ती राहू दे."

"मालक चांगला हाय ना?"

"त्याचं मला ठाऊक नाय, बाबा. ती कामात पक्की हाय."

बादलीत पुन्हा काचांचा आवाज सुरू झाला.