तोंडी विचारू नये

एक्स्टेन्शन बोर्ड तापून प्लॅस्टिकचा वास सुटला की मला देऊळगाव राजाचा तो हॉल आठवतो, आणि पाठोपाठ सुनंदाताईंचा आवाज.

मोफत, खुलं सॉफ्टवेअर मराठीत आणणारी आमची स्वयंसेवकांची टोळी. नवशिक्यांसाठी मदतीचा दिवस ठेवला, आयोजक अस्मादिक. प्रश्न ग्रुपवर मराठीतच लिहायचा, म्हणजे उत्तर पुढच्यालाही सापडतं, ही आमची जुनी शिस्त. मी ती हॉलमध्येही लावली आणि भिंतीवर कागद डकवला: ‘तोंडी विचारू नये’.

सुनंदाताई जानेफळच्या शिक्षिका. लॅपटॉपवर मराठी सुरू झालं की त्या भाषांतराला लागणार होत्या. दुपारभर त्या हात वर करत होत्या आणि आम्ही कागदाकडे बोट दाखवत होतो. शेवटी त्यांच्या गाडीची वेळ झाली.

"काऊन हो भाऊ, मराठी टाइप होत नाही म्हून तं आली. तेच मराठीत टाइप करून विचारू?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे, ताई."

"मदत करून राह्यले का सूड घेऊन राह्यले?" लॅपटॉप पिशवीत कोंबून त्या निघाल्या.

तेव्हा मला त्या तापट वाटल्या. गाडी सुटल्यावर मी ऐटीत ग्रुपवर लिहिलं, "ताई, अडचण सविस्तर मांडा." त्या ग्रुप सोडून गेल्या होत्या.

परवा पुन्हा बोर्ड तापला, तोच वास आला. एका नव्या मुलीने हात वर केला. कागद केव्हाच फाडलाय, तरी ‘ग्रुपवर लिहा’ असं टाइप करायला माझी बोटं आधी कीबोर्डकडेच गेली.