बुद्रुकचा अंगठा, खुर्दची जमीन

इतकी वर्षं झाली, तरी हद्दीच्या दगडांची ती तक्रार मी विसरलेलो नाही. महायुद्ध चालू होतं आणि मी लोणावळ्याला फौजदार होतो. लष्करी गोदामासाठी सरकारने मळवलीपलीकडे जमीन संपादन करून दगड रोवले होते. ते कोणीतरी उपटत होतं. नदीपलीकडच्या बुद्रुक गावातला एक शेतकरी स्वतःहून ठाण्यात आला आणि खुर्दमधल्या एका विधवेचं नाव सांगून गेला. हवालदाराने नोंद घेतली.

बाई साठीच्या पुढची. आणल्याबरोबर म्हणाली, "व्हय, मीच उपटले. रान माजं हाय."

इतक्या सहज कबुली मिळाली की मला संशय येई. हिला कोणाची फूस? दोन दिवस ठाण्यात बसवून फिरवून फिरवून विचारलं. उत्तर एकच, "आमाला कागुद आलाच न्हाई."

मामलेदार कचेरीतून कागद मागवले. नोटिशीची पोच होती. तिच्या नवऱ्याचं नाव आणि खाली अंगठा. नवरा वारून तीन वर्षं झालेली! आता कचेरीचाच संशय आला. नोटीस बजावणाऱ्या शिपायाला दरडावलं, "मेलेल्या माणसाचा अंगठा कुठून आणलास?"

"साहेब, मानूस जिता हाय. बुद्रुकात ऱ्हातो."

मी ठाण्याची डायरी उघडली. खबर देणाऱ्याचं नावही तेच होतं, बाईच्या नवऱ्याचं.

त्याला आणलं. थोडा वेळ आढेवेढे घेऊन तो बोलला, "जमीन माजी जानार व्हती. कारकुनानं सारखं नाव बघून खुर्दच्या रानाचा नंबर लिवला. मी गप ऱ्हायलो."

"गप कुठे राहिलास? खबर द्यायला आलास ना?"

"दगड न्हाई ऱ्हायले तर पुन्ना मोजनी व्हईल आन् माजं रान जाईल, असं वाटलं."

मी बाईच्या रानाचा पंचनामा केला. वाफ्यात तिची भाताची रोपं उभी होती, सरकारने प्रत्यक्ष ताबा घेतलेलाच नव्हता. ताबा नसेल तर संपादन मागे घेता येतं, त्या आधारावर वर अहवाल पाठवला. संपादन रद्द झालं, खटलाही काढून घेतला. पण हुकूम येईपर्यंत रानात पाऊल टाकायची तिला बंदी होती. लावणी हुकली. त्या वर्षी तिला भात मिळालं नाही.

हुकूम मी स्वतः नेऊन वाचून दाखवला. "मावशी, सरकारने जमीन परत दिली."

"परत कशाची? ती माजीच व्हती. तुमी फकस्त कागुद सुदारला."

त्यानंतर कोणीही खबर घेऊन आला, तर 'यात तुझा काय फायदा?' हे मी त्याला आधी विचारू लागलो. ते लवकर जमलं. समोरचा माणूस सरळ खरं सांगत असेल, तर ते ऐकून घ्यायला शिकण्यात मात्र माझी बरीच नोकरी गेली.