माझ्यासाठी मारलेल्या कुर्ल्या

कुर्ल्या, म्हणजे खेकडे, मेलेल्या चालत नाहीत. जिवंत आणायच्या, मोरीत ओतायच्या आणि नांग्या मोडायच्या. आमच्या कांजूरमार्गच्या घरात ते काम नवऱ्याचं. मी तेवढा वेळ गॅलरीत कपडे वाळत घालत राहायचे, आणि जेवताना पहिली नांगी मात्र मलाच लागायची!

नवरा गेला. मुलगी परदेशात. घर खायला उठायचं, म्हणून मी जवळच्या विहारात ध्यानाच्या वर्गाला जायला लागले. तिथे पंचशील घेतलं, जीव मारायचा नाही. शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, भिक्खूला भिक्षेत पडेल ते चालतं, अगदी मांससुद्धा. फक्त ते आपल्यासाठी मारलंय असं दिसलं, ऐकलं किंवा नुसता संशय आला, तरी घ्यायचं नाही. नियम भिक्खूंचा, पण मी तो स्वतःला लावून घेतला. माझं सगळंच असं, करायचं तर टोकाचं.

माझ्याकडे येणारं माणूस एकच, धाकटी नणंद. गोवंडीला एकटीच राहते. दर रविवारी यायची, दोघी जेवायचो, ती भावाच्या लहानपणीच्या गमती सांगायची. त्या एका दुपारवर माझा आठवडा निघायचा. एका रविवारी तिने डबा उघडला. कुर्ल्यांचं सार, वर दोन मोठ्या नांग्या. वासानेच तोंडाला पाणी सुटलं.

"कोणासाठी मारल्यास?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"माझ्यासाठी मारल्या असशील, तर मला चालणार नाही गं."

मनात म्हणत होते, बाई, खोटं बोल. 'मलाच खायच्या होत्या' म्हण, की बसलेच मी जेवायला.

तिचा चेहरा उतरला. "मगे कोणासाठी? हात थरथरतत माजे, तरी मोडलंय. तुज्याशिवाय माका कोण आसा गो, वैनी?"

माझा हात काही पुढे झाला नाही. तीही जेवली नाही. चहा ठेवते म्हटलं, तर चपला घालून निघूनच गेली. इतकं एकटं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

सार शेजारणीला दिलं. तिच्यासाठी मारलेलं नव्हतं, तिने मिटक्या मारत खाल्लं. डबा घासून ठेवला. रिकामा कसा परत द्यायचा? म्हणून दर रविवारी काळ्या वाटाण्यांचं सांबार करून त्यात भरते आणि तिला फोन लावते. "बघूया," ती म्हणते. दुपार टळली की मीच ते डब्यातून खाते.

व्रत अगदी नीट चाललंय. माझ्यासाठी आता कोणी काही मारत नाही, आणि रांधतही नाही.