दोन बोटं माया

"कापडात दोन बोटं माया ठेवावी, माणसाचा काही भरवसा नाही," असं मास्तर एकदा म्हणाले होते. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. गिऱ्हाईक अंगाने सुटलं की शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची. दुसरा नियम, शिवलेल्या कपड्याला तारखेची चिठ्ठी टाचणीने लावायची आणि ती तारीख पाळायची. शिंपी असून तारीख पाळतो म्हणून लोक त्यांच्याकडे जरा संशयानेच बघत.

स्वतः मास्तर एकशे अडतीस किलोंचे होते. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचं जठर शिवून अंड्याएवढं केलं. शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला, "माया ठेवलीत ना?"

"नाही," डॉक्टर हसले.

"मग पुढे कसं?"

डॉक्टरांना वाटलं, भूल उतरली नसावी.

साठ किलो उतरले. मास्तरांनी सगळे कपडे आत घेतले. बायको म्हणाली, "ती माया कापूनच टाका, अहो. परत फिरायला वाट कशाला ठेवता?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माया कापली. एक राखाडी पँट तेवढी वाचली. ती हॉस्पिटलने मागून घेतली आणि काचेच्या कपाटात टांगली. शेजारी फोटो: मास्तर त्या पँटच्या एका पायात उभे. दुसरा पाय रिकामा लोंबतोय, त्यातून कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा.

दोन वर्षं मास्तर तपासणीला गेले की टाळ्या पडत. तिसऱ्या वर्षी अकरा किलो परत आले, गुपचूप, चप्पल हातात घेऊन घरात शिरावं तसे. अंगातल्या पँटी आवळू लागल्या. उसवायला आत काही उरलं नव्हतं. आता टाळ्या पडणार नाहीत या धास्तीने मास्तरांनी तपासणी सोडली. तपासणी सुटली तशा तिथून मिळणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्याही सुटल्या.

मग पाय गेले. म्हणजे होते जागेवर, पण काही कळवत नव्हते. मशीनचं पायडल चालतंय की थांबलंय, हे मास्तरांना आवाजावरून समजे. एका गिऱ्हाइकाची बाही त्यांनी खिशालाच शिवून टाकली. "बरं झालं," तो म्हणाला, "आता हात कुठे जायचा नाही."

एका दुपारी बायको खाली वाकली.

"अहो, तुमच्या तळव्यात टाचणी आहे."

"कुणाची?" मास्तरांनी विचारलं.

ती हसली नाही. "पाय गेले तर मशीन काय कोपराने चालवणार आहात?" असं म्हणून दुसऱ्या दिवशी तिने त्यांना हॉस्पिटलात आणलं.

काउंटरवरच्या मुलीने आधी स्क्रीनकडे बघितलं, मग मास्तरांकडे, मग भिंतीवरच्या फोटोकडे.

"तुम्ही ह्यांचे भाऊ का?"

"मीच तो."

"आधीचे की नंतरचे?"

"नंतरच्या नंतरचा."

तसा रकाना नव्हता. मास्तरांची फाइल 'यशस्वी'मध्ये जाऊन बंद झाली होती आणि यशस्वी माणसं तपासणीकडे नव्हे, प्रसिद्धी अधिकाऱ्याकडे जात. तो हात पसरून धावत आला.

"देवासारखे आलात! आत बारा नवे पेशंट बसलेत. पाच मिनिटं पँटमध्ये उभे राहा, मग तपासणी."

"मला पाय कळत नाहीत."

"उभंच तर राहायचंय, काका. कळायचं काय त्यात?"

बायको अधिकाऱ्याच्या पोटाकडे बघत म्हणाली, "तुम्हीच उभे राहा की! तुम्हाला तर दोन्ही पाय लागतील."

हे ऐकून तिथून चाललेली जुनी सिस्टर थांबली. तिने मास्तरांना बाकावर बसवलं, मोजे काढले, डोळे मिटायला लावले.

"कळतंय?"

"सुरुवात केलीत का?"

"संपवलंसुद्धा." तिने टोचणी बाजूला ठेवली. रक्त घेतलं, डॉक्टरांना फोन लावून विचारलं, आणि दंडात इंजेक्शन दिलं. "बी-बारा पार तळाला गेलेलं दिसतंय. मास्तर, जन्मभर घ्यायच्या असतात त्या गोळ्या. टाळ्या नव्हेत."

"आणि वजन? अकरा किलो..."

"थोडं येतंच परत. तुम्ही माणूस आहात, वजनाचं माप नाही." तिने कार्डावर तारीख लिहिली. "ही चुकवू नका. आता नेमाने आलात तर पाय बहुतेक परत येतील. पुन्हा दडी मारलीत तर मी काही सांगू शकत नाही."

तेवढ्यात प्रसिद्धी अधिकारी राखाडी पँट घेऊन आला. "झालं ना? चला, शिरा."

मास्तरांनी पँट हातात घेतली. सवयीने उलटी केली. शिवणीवरून बोट फिरलं आणि थांबलं. जिथे त्यांची शिवण होती तिथे नुसती भोकांची रांग. पँट दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं रुंद केलेली.

"ही कुणी उसवली?"

"फोटोत जरा कमी वाटत होती हो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सोडली थोडी. होतीच की आत माया."

मास्तरांनी कमरपट्टी वितीने मोजली. एवढे जाड तर ते कधीच नव्हते. इतकी वर्षं ते ज्या माणसाच्या तुलनेत बारीक ठरत होते, तो माणूस जन्मालाच आला नव्हता.

"काका, पेशंट खोळंबलेत," अधिकारी म्हणाला.

मास्तरांनी पँटची शिस्तीत घडी घातली. कॉलरमागची टाचणी काढली आणि सिस्टरचं तारखेचं कार्ड पँटच्या कमरपट्टीला टोचलं, दुकानात टोचतात तसं.

"अहो, ती हॉस्पिटलची आहे!"

पँट खांद्यावर टाकून, पाऊल नीट पडतंय ना ते डोळ्यांनी बघत, मास्तर "तारखेला मिळेल" म्हणत दाराबाहेर पडले.