पाया पडून घ्यायचं नाही

जयमालाबाईंचा राग जुईनगरच्या सगळ्या सोसायटीला माहीत. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाल्या. शिट्टी सुटली, आवाज तोच राहिला. पुढे रेकी शिकल्या आणि शहाण्णव सालापासून गट चालवणाऱ्या बायका तयार करायला लागल्या. हात कुठे ठेवायचा, श्वास कसा घ्यायचा, ते सगळं नंतर. आधी दोन गोष्टी घोकून घ्यायच्या: कुणाची गोळी बंद करायची नाही, कुणाकडून पाया पडून घ्यायचं नाही. पाया पडून घेतलंत की डोक्यात हवा गेलीच म्हणून समजा, असं त्या प्रत्येकीला बजावायच्या.

ऋता त्यांची सगळ्यात हुशार शिष्या. जेमतेम पंचविशीची. तिला सोसायटीच्या हॉलमधला गुरुवारचा गट दिला आणि पोरगी शेफारली. साठीच्या सुमित्राबाई वाकून हिच्या पाया पडायच्या आणि ही डोळे मिटून आशीर्वाद द्यायची! वर सांगितलं काय, तर हातात ऊर्जा असताना शुगरच्या गोळ्या कशाला? उचलली जीभ, लावली टाळ्याला. सुमित्राबाईंनी गोळ्या सोडल्या आणि एका गुरुवारी हॉलमध्येच कोसळल्या.

जयमालाबाईंना हे कळलं दोन दिवसांनी, तांदूळ निवडताना. ताट तसंच टाकून त्या ऋताच्या दारात. तर पोरगी म्हणते कशी, काकूंची श्रद्धाच कमी पडली! बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गट तिथल्या तिथे काढून घेतला, तिला मनगटाला धरून रिक्षात कोंबलं आणि वाटभर असं सुनावलं की रिक्षावाल्यानं आपणहून टेप बंद केला.

हॉस्पिटलमध्ये सुमित्राबाई शुद्धीवर आल्या होत्या. जीव वाचला होता, पण यापुढे एकही गोळी चुकली तर खैर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नर्सनं त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली. तेवढ्यात त्यांना ऋता दिसली. सलाइनचा हात तसाच तिच्या पायांकडे गेला. ऋता चटकन मागे सरली आणि रडायलाच लागली.

"माझं चुकलं, काकू."

त्यांच्या ते कानातच शिरलं नाही. डॉक्टर उभे होते, नर्स उभी होती, जयमालाबाई उभ्या होत्या. सुमित्राबाईंनी विचारलं ते ऋतालाच.

"ऋताबाई, घेऊ का मी ही गोळी?"

जयमालाबाईंच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. त्यांनी ऋताला पलंगाशी पुढे ढकललं.

"सांग त्यांना," त्या दातओठ खात म्हणाल्या. "आणि उद्यापासून रोज यायचं सांगायला."