पत्ता गप्प होण्याची वेळ

या समूहात जाणती माणसे लिहितात. त्यांच्यात मी लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा असावी. पण आजची सकाळ मनात मावत नाही.

बिडीचा तेंदूपत्ता पुडकी बांधून मैदानात उन्हात वाळवला की आमच्या गावात संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो पोत्यांत भरतात. कोरडा भरला तर चुरा होतो, जास्त ओला भरला तर बुरशी धरते. भरण्याचा नेमका क्षण माझ्या आत्याबाई पुडके कानाशी दाबून ओळखत. यंदा त्यांना फार कमी ऐकू येते.

"पोरी, आज तू आयक," त्या म्हणाल्या.

मी घाबरून नकारार्थी मान हलवली. साऱ्या गावाची मेहनत त्या पोत्यांत जाणार होती.

"दिवसभर तोंड उघडत नाईस, मंग कान तरी कामी आण!"

बायका हसल्या. मी पुडके कानाशी दाबले. करकर आवाज आला. थोड्या वेळाने नुसती बारीक चुरचुर. उजाडू लागले, तशी मैदानभर वाऱ्याने वाजणारी असंख्य पुडकी हळूहळू शांत होत गेली. मी हातातले पुडके पुन्हा दाबले, तर आवाजच नाही. पान न मोडता वाकले आणि बोट उचलताच परत उघडले.

"भरा!" मी ओरडले.

आत्याबाई दचकून वळल्या. "एवढं तं मलेबी आयकू आलं!"

पानातला ओलावा कानांनी ऐकता येतो, हे मला आज कळले. आपण कधी शांतता ऐकून काही ठरवले आहे का?

२२ मे २०२५, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे