गोंदणातला ठिपका

परवा दवाखान्यात नर्सनं माझ्या दंडाला स्पिरिट चोळलं आणि त्या वासानं मला जालन्याचं जुनं इस्पितळ आठवलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी सोळा वर्षांची विधवा, चौथी शिकलेली, नर्सचं काम शिकायला आले होते. सासरी दोन वेळचं जेवणही कोणी नीट देत नव्हतं.

पहिली सुई टोचायची होती ती जाफराबादकडच्या एका म्हातारीला. हिवतापानं ती वाळली होती आणि तिचा दंड गोंदणानं भरलेला होता. मोठ्या सिस्टरनी तिच्यासमोरच मला बजावलं, "आज जमलं नाही तर उद्या सासरी जायचं."

उकळून काढलेली सुई धरून मी तिच्या दंडावर जागा शोधत राहिले.

"पोरी, हे गोंदताना तीन सुया एकदम टोचत होत्या," म्हातारी म्हणाली. "तुझी तर एकच हाय. ह्या फुलाच्या मधल्या ठिपक्यावर टोच, आन् जल्दी कर."

मी ठिपक्यावर नजर ठेवून टोचलं. सुई बोथट होती, दोनदा जोर लावावा लागला.

"दुखलं का?" सिस्टरनी तिला विचारलं.

"बिलकुल न्हाई. हात हलका हाय पोरीचा."

मला ते खरंच वाटलं. पुढं कित्येक वर्षं बोथट सुया दगडावर घासल्या, तेव्हा कळलं की बाई साफ खोटं बोलली होती.

परवाची नर्सही शिकाऊच होती. तिनं विचारलं, "आजी, दुखलं का?"

"दुखलं," मी म्हणाले. तिला कोणी सासरी पाठवणार नव्हतं.